पुण्यात प्लंबरला महिन्याकाठी खरोखर किती सुटतात?

आळंदी_रोड

धाकट्या भावाचा आयटीआयचा प्लंबर ट्रेड यंदा पूर्ण झाला. आता दोन वाटा आहेत. वाकडमधल्या एका मोठ्या सोसायटीत एजन्सीमार्फत १८,००० ची नोकरी, नाहीतर ओळखीच्या मिस्त्रीकडे वर्ष-दीड वर्ष राहून मग स्वतःची कामं घ्यायची. घरात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, प्लंबर दिवसाला दोन-अडीच हजार छापतो. दुसरी बाजू म्हणते, महिन्यातले पंधरा दिवस तो नाक्यावर चहा पीत बसलेला असतो.

जाणकारांनी सांगा: एका बाथरूमच्या मजुरीतून हातात काय राहतं? सुट्या दुरुस्तीत पैसे जास्त की ठेक्याच्या कामात? आणि १८,००० ची नोकरी म्हणजे नक्की किती? आकडे हवेत. "मेहनत केली तर भरपूर स्कोप आहे" हे काकांनी सांगून झालंय.

झिरी_कोबा

बाथरूमपासून सुरुवात करतो. सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे.

जुना फ्लॅट, पाच बाय आठचं बाथरूम, आतली लाइन पूर्ण नवी, वॉल मिक्सर, शॉवर, बेसिन, कमोड, गिझर पॉइंट. माल मालकाचा. याची निव्वळ मजुरी पुण्यात सध्या साधारण १० ते १५ हजार सांगतात. डायव्हर्टर (शॉवर-नळात पाणी वळवणारा व्हॉल्व्ह), भिंतीला टांगलेला कमोड, भिंतीतली टाकी आली की आकडा चढतो. आपण १२,००० धरू.

काम सलग होत नाही, तीन तुकड्यांत होतं. झिऱ्या (पाइपसाठी भिंतीत खाचा) पाडून सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची, लाइन आणि टेस्टिंग, तीन दिवस. संकमधलं (बाथरूमच्या खोलगट तळातलं) ड्रेनेज, नहाणी ट्रॅप, कमोडचं आउटलेट, एक दिवस. मग टाइल्सवाला आत शिरतो, तुम्ही बाहेर. तो निघाला की नळ, बेसिन, कमोड बसवायला दोन दिवस. झाले सहा. हेल्पर ६०० रोजाने सहा दिवस म्हणजे ३,६००. ग्राइंडरची ब्लेड, बिट, पेट्रोल, चहापाणी मिळून हजार. उरले ७,४००, म्हणजे दिवसाला १,२३० च्या घरात.

आता यात एकच गळती घाला. मालकाने शेवटचे दहा टक्के अडकवले आणि एक दिवस फुकट परत जावं लागलं. १०,८०० मधून तोच ४,६०० खर्च गेला, राहिले ६,२००, आणि दिवस झाले सात. रोज पडला ८८५. चांगल्या मिस्त्रीकडे नुसत्या हजेरीवर गेलं तरी कुशल माणसाला साधारण ९०० ते १,००० मिळतात, तेही टाइल्स फोडायचं टेन्शन न घेता. म्हणून प्लंबरची कमाई दरावर कमी आणि गळतीवर जास्त अवलंबून असते. दर सगळ्यांचा उन्नीस-बीस असतो.

गळती कुठून येते ते भावाला पाठ पाहिजे. पाइपच्या मध्ये सहसा काही होत नाही, घोटाळा जोडात असतो. प्लास्टिकच्या आट्यांच्या फिटिंगमध्ये नळ पिळला की फिटिंगला तडा जातो, आणि तो लगेच न दिसता महिन्याभराने भिंतीला ओल आल्यावर कळतो. नळ जिथे बसणार तिथे पितळी आट्यांचंच एफटीए (आत आटे असलेला जोड) वापरायचं, मालक चार पैसे वाचवा म्हणाला तरी. दुसरं म्हणजे सोल्यूशन, पाइप चिकटवायचा द्रव. यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या पाइपचं) सोल्यूशन सीपीव्हीसीला चोपडणारे महाभाग आहेत. पाइप कापल्यावर कडेचे कंगोरे काढायचे, पुसायचा, सोल्यूशन पाइपला सगळीकडून आणि फिटिंगच्या आत पातळ हात, पाइप पाव फेरा फिरवत आत ढकलायचा आणि काही सेकंद दाबून धरायचा. दाबून धरलं नाही तर पाइप हळूच मागे सरकतो. सोल्यूशन जास्त झालं तर आत थेंब जमतो, तिथे पाइप मऊ पडतो आणि पाण्याची वाटही अडते.

मग टेस्टिंग. सगळे पॉइंट प्लग करायचे, सर्वात उंच पॉइंटवरून हवा काढायची, हातपंपाने ७ ते १० किलोपर्यंत दाब द्यायचा. हवा राहिली तर गेजचा (दाबमापकाचा) काटा उगाच हलतो आणि नसलेली गळती शोधत बसावं लागतं. काटा दोन तास हलला नाही की मालकाला बोलावून गेजचा फोटो. इथे बरेच जण पंप काढून घरी जातात. तसं न करता, गेज आणि थोडा दाब लाइनवर तसाच ठेवून टाइल्सवाल्याच्या ताब्यात बाथरूम द्यायचं. त्याने किंवा सुताराने पाइपात खिळा मारला तर काटा त्याच दिवशी खाली बसतो आणि बिल कुणाच्या नावावर फाटायचं यावर वाद होत नाही. प्लॅस्टर होण्याआधी मापाची टेप लावून भिंतीचे फोटो काढणं हेही त्याच हिशेबातलं.

गेटपास

नोकरीचा हिशेब मी देतो. सोसायट्यांची देखभाल बघणं हेच काम आहे.

आधी विचारा की १८,००० हे ग्रॉस (कपातीआधीचा पगार) की सीटीसी (मालकाचा एकूण खर्च). ग्रॉस असेल आणि पीएफ १५,००० वर कापत असतील, तर १,८०० पीएफ, ०.७५ टक्क्याने ईएसआय १३५, व्यवसाय कर २००. हातात १५,८६५. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३००, म्हणजे शंभर कमी. सीटीसी असेल तर मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआय सुद्धा त्या १८,००० मधूनच जातो, मग हातात साडेतेराच्या आसपास. एजन्सीचा माणूस फोनवर हा फरक स्वतःहून सांगत नाही.

ईएसआयला कमी लेखू नका. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला तो लागू होतो आणि घरच्यांचे औषधोपचारही त्यात येतात. स्वतंत्र प्लंबर शिडीवरून पडला तर बोनस म्हणून फक्त मालकाची सहानुभूती मिळते.

पण त्याहून महत्त्वाचं हे की ड्यूटी आठ तासांची की बारा, आणि फ्लॅटच्या आतली कामं करायची परवानगी आहे की नाही. बऱ्याच सोसायट्यांत कॉमन एरियाचं काम पगारात आणि फ्लॅटमधल्या कामाचे वेगळे पैसे, ते दरपत्रकाप्रमाणे थेट प्लंबरला. अशी सोसायटी पाचशे फ्लॅटची असेल तर पगाराच्या वर दरमहा पाच-सात हजार सहज पडतात. काही ठिकाणी ते पैसे एजन्सी घेते. एकच पगार, पण वर्षाअखेर जमीन-अस्मानाचा फरक.

आणि तिथे असताना नुसते नळ बदलत बसू नये. पंप रूममध्ये हायड्रोन्यूमॅटिक सिस्टिम (दाबाने पाणी वर चढवणारी), एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण), सॉफ्टनर, फायर पंप असतो. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा, पीआरव्ही (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) किती किलोवर लावलाय, रात्री पंप सारखा चालू-बंद का होतो (बहुतेक वेळा प्रेशर टँकमधली हवा गेलेली असते, नाहीतर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, पाणी मागे सोडतो), हे ज्याला कळतं त्याला हॉस्पिटल, हॉटेल, आयटी पार्कमध्ये चांगला भाव आहे. तिथे २५ हजारांच्या पुढची बोलणी होतात.

अँगल_कॉक

दुरुस्तीबद्दल. दिवसाला दोन-अडीच हजार कमावणारे असतात, ते यातलेच. पण रोज नाही.

पुण्यात भेटीचे २०० ते ३००, नळ बदलायचे १५० ते २५०, फ्लश टाकीचं आतलं किट बदलायचे ३०० ते ५००, गिझर बसवायचे ४०० ते ६००. सामान वेगळं. एका पट्ट्यात, म्हणजे समजा फक्त पिंपळे सौदागर ते वाकड, पाच कामं लागली तर दीड-दोन हजार सुटतात. त्यातलंच एक काम कात्रजला घेतलं तर अर्धा दिवस रस्त्यावर गेला. नवशिके फोन आला की पळतात आणि महिनाअखेरीस पेट्रोलचा हिशेब बघून डोक्याला हात लावतात.

वाघोली, वाकड, हिंजवडीकडे बोअर आणि टँकरच्या पाण्यावर बऱ्याच सोसायट्या चालतात. पाणी जड. नळाचे सिरॅमिक स्पिंडल क्षाराने घट्ट होतात, एरेटर (नळाच्या तोंडाची जाळी) चोंदतात, गिझरच्या कॉइलवर थर बसतो. तिथे काम बारा महिने आहे. अर्ध्या तक्रारी "पाणी कमी येतं" अशा असतात आणि एरेटर काढून व्हिनेगरमध्ये तासभर ठेवला की पाणी पूर्ववत. अशा कामाला नुसते भेटीचे पैसे घ्यावेत, पाचशेचा नळ गळ्यात मारू नये. तोच माणूस पुढे बाथरूम करायला बोलावतो.

धोका कुठे? जुन्या नळात. बाहेरून १५० चं काम दिसतं. पाना लावून नळ फिरवला की भिंतीच्या आतली गंजलेली एक्स्टेन्शन निप्पल (आट्यांचा जोडतुकडा) अर्ध्यात तुटते, आटे आतच राहतात आणि मेन व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसतो. त्यानंतरचे तीन तास मालक डोक्यावर उभा. उपाय: हात लावायच्या आधी मेन व्हॉल्व्ह फिरवून बघा, पाणी खरंच बंद होतंय का. तुटली तर एक्स्ट्रॅक्टरने (आत अडकलेला तुकडा काढायच्या हत्याराने) काढायचे इतके, भिंत फोडावी लागली तर इतके, हे आधीच बोला, जमलं तर व्हॉट्सअॅपवर टाका. नळ थेट पिळू नका, दोन्ही बाजूंना थोडाथोडा हलवत सोडवा. एक्स्ट्रॅक्टरचा सेट स्वतःचा ठेवा. नसेल तर हातोडा-छिन्नीने आटे काढायच्या नादात भिंतीतला एल्बोही फुटतो.

गिझरबद्दल एक बजावून ठेवतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून मालक तो बंद करायला सांगतात. दुप्पट पैसे दिले तरी करायचं नाही. आतला दाब बाहेर पडायची ती वाट आहे.

झिरी_कोबा

बरोबर आहे, फक्त दुरुस्तीवाला आणि ठेकेवाला अशी फाळणी प्रत्यक्षात होत नाही. सोसायटीत तोडफोडीला सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६ एवढीच परवानगी, रविवार बंद. दुपारी एकला हॅमर थांबला की माणूस दुरुस्तीचा एखादा फोन उरकून येतो. ज्याचं हे गणित बसलं त्याचाच महिना नीट जातो.

आणि महिना ३० दिवसांचा धरू नका. १,२३० गुणिले २२ करा, २७,०६० येतात. गणपती आणि दिवाळीच्या आधी श्वास घ्यायला वेळ नसतो, पितृपंधरवड्यात नवीन काम कुणी काढत नाही, भर पावसात रिनोव्हेशन मंदावतं, पण चेंबर तुंबणं आणि टेरेसची पाइप गळणं सुरू होतं. एका वेळी तीन साइट वेगवेगळ्या टप्प्यांवर चालू असतील तरच टाइल्सवाल्याची वाट बघण्यात दिवस जात नाही.

नव्या मोठ्या बिल्डिंगच्या ठेक्यात एकट्याने शिरू नका. तिथे पॉइंटवर (नळाच्या प्रत्येक जागेमागे) किंवा फ्लॅटवर दर असतो, तो घासून घासून खाली आणलेला. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातून आलेल्या टीम या धंद्यात देशभर आहेत. पट्टामुंडईला तर सरकारी प्लंबिंगची संस्थाच आहे. पंधरा-वीस जणांची टीम एकाच साइटवर राहून एका चालीने मजले उरकते, त्यांच्या वेगाशी एकटा माणूस आणि एक हेल्पर स्पर्धा करू शकत नाही. शिकायला मात्र अशी साइट उत्तम. शाफ्टमधल्या उभ्या लाइन, क्लॅम्प किती अंतरावर, ड्रेनेजचा उतार, सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळतं.

हार्डवेअरवाला_गल्ली

कमिशनचं कुणी बोललंच नाही, म्हणून मी बोलतो. दुकानदार प्लंबरला मालावर टक्के देतो, पाइप आणि फिटिंगच्या कंपन्यांची कुपनं किंवा स्कॅन करायचे पॉइंट वेगळे. साठ हजारांचा माल निघाला आणि पाच टक्के मिळाले तरी तीन हजार. सगळे घेतात. हे धरलं नाही तर हिशेब अपुरा.

गेटपास

सगळे घेतात हे मान्य, पण ते पैसे शेवटी मालकाच्याच खिशातले असतात. आजकाल मालक फोनवर दर बघतो, दोन दुकानांत विचारतो, आणि फरक दिसला की मजुरीतही संशय घेतो. कंपनीचे पॉइंट घ्यावेत, त्याने बिल वाढत नाही. दुकानाच्या टक्क्यांसाठी १ इंचाऐवजी सव्वा इंच पाइप लिहून देणं, १० ऐवजी १४ अँगल कॉक मागवणं, इथे गडबड सुरू होते. मालाची यादी मापासकट लिहून मालकाला द्यायची आणि उरलेला माल परत करायचा. ज्यांच्याकडे वर्षभर काम असतं असे प्लंबर हेच करताना दिसतात.

आळंदी_रोड

भरपूर मिळालं, आभार. दोन शंका. स्वतःचं सुरू करायला हत्यारांना किती लागतील? आणि महापालिकेचं लायसन्स काढावं का? शिवाय एक जण दुबईचं म्हणतोय, लाखभर रुपये भरा म्हणून.

झिरी_कोबा

१५ ते २० हजारांत भागतं. १४ आणि १८ इंची पाइप पाना, स्लाइड पाना, सीपीव्हीसी कटर, हॅक्सॉ, लेव्हल, छिन्नी-हातोडा, बेसिनखालचा लांब पाना, एक्स्ट्रॅक्टर मिळून चार-पाच हजार. चार इंची ग्राइंडर अडीच-तीन हजार, दोन किलोचा रोटरी हॅमर पाच ते आठ हजार, टेस्टिंग पंप चार-साडेचार हजार. पैसे कमी पडले तर हॅमर भाड्याने आणावा, टेस्टिंग पंप स्वतःचा घ्यावा. भाड्याचा पंप काम संपायच्या आधी परत द्यायची घाई असते आणि टेस्टिंगला दांडी तिथेच बसते. कोअर कटिंग मशीन घेऊ नका, भोकाच्या हिशेबाने मशीनवाला येऊन करून जातो.

लायसन्सबद्दल: घरातल्या कामाला कुणी विचारत नाही. महापालिकेच्या लाइनवरून नवीन नळजोड घेताना मात्र अर्ज आणि काम परवानाधारक प्लंबरमार्फत लागतं, आणि त्यात कागदपत्रं, खड्डा, रस्ता दुरुस्तीचं शुल्क यांची धावपळ असते. पैसे त्या धावपळीचे मिळतात. आयटीआयचं प्रमाणपत्र हातात आहे, तर अनुभवाचा दाखला जमवून पुढे काढून ठेवावं. पहिल्या वर्षी त्याची घाई नाही.

एनआरव्ही

दुबईचं: थांबवा त्याला. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तेही पावती देऊन. लाखभर मागणारा एकतर नियम मोडतोय किंवा त्याची नोंदणीच नाही. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासा. भावाचा पासपोर्ट ईसीआर (परदेशी नोकरीला परवानगी आवश्यक) शिक्क्याचा असेल तर यूएईला नोकरीसाठी जाताना परवानगी लागते, दहावी पास असेल तर शिक्का नसतो. व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देतो म्हणाला तर फोन ठेवा. करारात मूळ पगार किती, ओव्हरटाइम कसा, राहणं-जेवण कंपनीचं की आपलं, हे तिन्ही स्वतंत्र लिहिलेलं हवं. गावात सांगितला जाणारा आकडा बहुतेक वेळा ओव्हरटाइम धरून असतो.

ट्रेड टेस्ट मुंबईत होते. तिथे बऱ्याचदा ड्रॉइंग वाचून ठरलेल्या मापात पाइप जोडून दाखवावे लागतात. आयटीआयच्या पोरांना ते जमतं, माप सेंटर टू सेंटर (मध्यापासून मध्यापर्यंत) घ्यायचं विसरतात तेवढंच. वॉल मिक्सरचे दोन पॉइंट सेंटर टू सेंटर १५० मिलिमीटर, गरम डावीकडे. हे इथल्या साइटवरही चुकतं आणि मग वाकडे लेग (जोडतुकडे) लावून नळ कसाबसा बसवतात.

अँगल_कॉक

टॅक्सचा बाऊ नको. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. एकट्या माणसाला ती मर्यादा ओलांडायला वेळ आहे. तरी पैसे खात्यावर घ्यावेत आणि रिटर्न भरावं, नाहीतर पुढे गाडीचं किंवा घराचं कर्ज मागताना दाखवायला काही नसतं.

गेटपास

अजून एक, मिस्त्रीकडे गेला तर लगेच करण्यासारखं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. प्लंबर त्यात येतो. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला ठेकेदाराकडून किंवा ग्रामसेवक, महापालिकेकडून मिळतो, म्हणून मिस्त्रीकडे पहिल्या दिवसापासून हजेरी लिहून ठेवायला सांगा. पीएम विश्वकर्माच्या फॉर्मसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्या योजनेत १८ धंदे आहेत, गवंडी आहे, सुतार आहे, प्लंबर नाही.

आणि सोसायटीची नोकरी घ्यायचीच ठरली, तर सही करण्याआधी त्या सोसायटीच्या ऑफिसात जाऊन फ्लॅटमधल्या कामाचं दरपत्रक लावलंय का ते बघून या. नोटीस बोर्डावरच असतं.